‘घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?’

एरंडवण्यातल्या रुग्णालयात पाच वर्षांच्या पुतण्याच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी हे विचारलं. दादा-वहिनी ‘नाही’ म्हणून मोकळे झाले. आईला आठवलं, "अहो डॉक्टर, आमच्या धाकट्या मुलाला अपेंडिक्सनंतर चार तास श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं." भूलतज्ज्ञ बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. क्लोरोफॉर्म वापरात येऊन जेमतेम अडीच महिने झाले होते.

घराण्याकडे लक्ष गेलं ते १९६० मध्ये, मेलबर्नला. पाय मोडलेला २१ वर्षांचा तरुण पायापेक्षा भुलीलाच घाबरत होता, कारण त्याचे दहा नातेवाईक भुलीखाली दगावले होते. डॉ. डेनबरो आणि लव्हेल यांनी त्याचं म्हणणं उडवून लावलं नाही, म्हणून एक आनुवंशिक विकार जगाला कळला. यात भुलीच्या काही वायूंमुळे किंवा स्नायू सैल करणाऱ्या स्कोलीन या औषधामुळे उलट स्नायू ताठरतात, ताप झपाट्याने चढतो. त्या काळी असे बहुतेक रुग्ण वाचत नसत. त्यावरच्या डँट्रोलीन या औषधाचं इंजेक्शन १९७९ मध्ये अमेरिकेत मान्य झालं आणि चित्र पालटलं. त्याची २० मिलिग्रॅमची एकेक कुपी ६० मिलिलिटर पाण्यात विरघळवावी लागे. अशा धावपळीत त्याला किती हात लागत असतील!

धाकट्याचं प्रकरण मात्र वेगळं असावं. स्कोलीन रक्तातलं एक एन्झाइम काही मिनिटांत मोडतं. ते जन्मतःच कमी असेल तर माणूस तासन्‌तास स्वतः श्वास घेऊ शकत नाही. दक्षिण भारतातल्या आर्य वैश्य समाजात हा दोष जास्त आढळतो, पण तो कुठल्याही घरात असू शकतो. मुलग्यांमध्ये लपलेल्या स्नायूंच्या आजारात स्कोलीनने हृदय बंद पडल्याचं दिसल्यावर १९९० च्या दशकात अमेरिकेत लहान मुलांसाठी कडक इशारा आला.

आईबापांना हमखास घाबरवतो तो प्रकार निराळाच, आणि बहुतेकदा निरुपद्रवी. सेव्होफ्लुरेन या वायूची भूल उतरताना लहान मूल आईलाही ओळखत नाही, लाथा झाडतं. आमचा पठ्ठ्याही वीस मिनिटं किंचाळला, वहिनीच्या हाताला चावला आणि तिच्याच कुशीत झोपला.

त्याच्या फाइलवर लाल शाईने लिहिलं होतं : ‘स्कोलीन नको’. धाकट्याला त्याच आठवड्यात रक्ततपासणीला पाठवलं.