पत्ता देणे वेगळे, सोबत नेणे वेगळे

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही मीटिंगमध्ये भेटून एकमेकांना दारू सोडायला मदत करणाऱ्यांची संघटना अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ॲक्रनला १९३५मध्ये सुरू झाली. दारू सोडण्याच्या तिच्या बारा पायऱ्या १९३९मध्ये छापून आल्या. एएचा उपयोग किती, हे मोजणे मात्र फार जड गेले. आडनाव सांगायचे नाही, फी नाही. मग कोणाचा माग काढायचा? शिवाय आपणहून मीटिंगला येणाऱ्याने दारू सोडायचे आधीच ठरवलेले असू शकते. तो सुधारला तर श्रेय मीटिंगचे की निश्चयाचे? म्हणून माणसे चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटांत वाटावी लागतात.

सॅन दिएगोत तसे केले गेले, निष्कर्ष १९६७मध्ये आले. दारूपायी वारंवार पकडल्या गेलेल्या ३०१ जणांपैकी काहींना कोर्टाने एएकडे पाठवले, काहींना दवाखान्यात, बाकीच्यांना कुठेच नाही. एएच्या वाट्याला आलेल्यांना ३० दिवसांत ५ मीटिंगा सक्तीच्या. पुन्हा अटक होण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. एएचे टीकाकार हा अभ्यास आजही पुढे करतात. पण त्यात तपासली गेली ती न्यायाधीशाच्या धाकाने लावलेली हजेरी.

१९८१चा एक अभ्यास अवघ्या २० रुग्णांचा, तरी जास्त शिकवणारा. निम्म्यांना मीटिंगचा पत्ता आणि वेळ सांगितली. एकही गेला नाही. उरलेल्यांसमोरच एएच्या सदस्याला फोन लावून दिला, त्याने सोबत न्यायचे कबूल केले; सगळे गेले.

तीन उपचारपद्धतींची तुलना करणाऱ्या प्रोजेक्ट मॅच या अमेरिकी चाचणीने (१९९७, १,७२६ रुग्ण) हेच सूत्र पद्धतशीर केले. एका गटात समुपदेशक लिखित पुस्तिकेबरहुकूम १२ आठवड्यांत १२ सत्रे घेई, पायऱ्या समजावी आणि मीटिंगला जायला लावी. बाह्यरुग्णांपैकी पुढचे वर्षभर दारूला अजिबात न शिवलेले या गटात २४ टक्के निघाले. उरलेल्या दोन उपचारपद्धतींत १५ आणि १४.

वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००६च्या आढाव्याला ८ चाचण्यांत ठाम पुरावा सापडला नव्हता. २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसे होती: एए किंवा तिच्याकडे नेणाऱ्या उपचारांत वर्षभराने पूर्ण व्यसनमुक्त ४२ टक्के, इतर उपचारांत ३५. पिण्याचे दिवस किंवा प्रमाण घटण्यात मात्र दोन्ही बाजू साधारण सारख्याच. आणि हे आकडे दारूचे आहेत. गर्दच्या रुग्णांना ते तसेच लावता येत नाहीत.