म्बुना पाळायचेत? आधी पाणी समजून घ्या

दुकानात आफ्रिकन सिक्लिड (सिक्लिड हे माशांचं एक कुळ) म्हणून जे निळे-पिवळे, पट्टेवाले, सतत एकमेकांच्या मागे लागलेले मासे दिसतात ना, त्यातले बरेचसे मूळचे मलावी सरोवरातले म्बुना, म्हणजे खडकांना धरून राहणारे सिक्लिड. सरोवर कसलं, समुद्रच म्हणा, मलावी, मोझांबिक आणि टांझानिया अशा तीन देशांना लागून, लांबी 550 किलोमीटरच्या वर आणि खोली 700 मीटरच्या आसपास, आणि त्यात सिक्लिडच्या शेकडो जाती ज्या जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. तिथल्या पाण्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, 7 च्या वर अल्कधर्मी) साधारण 7.7 ते 8.6, तापमान बहुतेक काळ 24 ते 28 डिग्री. लोकांना वाटतं की खूप जड, म्हणजे भरपूर क्षारांचं पाणी लागतं, तसं नाहीये, पाणी अल्कधर्मी हवं आणि मुख्य म्हणजे पीएच स्थिर हवा.

आता आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या नळाला येतं ते सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी, पावसाचंच, त्यात क्षार कमी. टँकमध्ये माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि हे करताना पाण्यातली अल्कता (पीएच घसरू न देणारे क्षार) खर्च होत जाते, म्हणजे कमी क्षारांच्या हलक्या पाण्यात काहीच केलं नाही तर पीएच आपोआप खाली सरकतो. बोअरचं पाणी असेल तर बहुतेक वेळा हा प्रश्न येत नाही, पण तेही टेस्ट किटने तपासूनच घ्या. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन काढणारं औषध लागतंच.

पीएच टिकवायला चुनखडीचा दगड चालतो. शहाबादी फरशीचे पॉलिश न केलेले तुकडे मिळाले तर बघा, ती चुनखडीच आहे, त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की बारीक फेस येतो, ती पाण्यात अगदी हळूहळू विरघळते. बाकी गुहा रचायला आपला काळा पाषाण एकदम मस्त, बेसॉल्ट असल्यामुळे पाण्यावर फारसा परिणाम करत नाही आणि शेवाळही छान धरतो. फक्त दगड आधी थेट तळाच्या काचेवर (खाली थर्माकोल किंवा जाळी घालून) बसवा आणि वाळू नंतर टाका, कारण हे मासे तोंडाने वाळू उपसतात आणि वाळूवर ठेवलेला दगड कधीतरी कलंडून काच फोडतो.

टँक 5 फूट बाय 2 बाय 2 घेतला तर पाणीच साडेपाचशे लिटरच्या वर, काच-दगड-वाळू धरून पाऊण टनाचा मामला होतो, त्यामुळे जागा ठरवतानाच बीम कुठे आहे ते इंजिनीअरला विचारून घ्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. म्बुना मुद्दाम गर्दीत ठेवतात, कारण चार-पाचच असले तर दादागिरी करणारा नर एकाच्याच मागे लागून त्याला मारून टाकतो, तीसेक असले की मार वाटला जातो. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवल्या की भांडणं अजून कमी होतात. पण गर्दी म्हणजे अमोनिया जास्त, आणि अमोनियाचं विषारी रूप पीएचवर अवलंबून असतं: 25 डिग्रीला पीएच 7 असताना एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी असतो, पीएच 8 ला पाच टक्क्यांच्या वर आणि 8.5 ला पंधराच्या आसपास. म्हणजे तोच कचरा साध्या टँकमध्ये निभावून जाईल पण इथे मासे मारेल. म्हणून फिल्टर दुप्पट क्षमतेचा घ्या, मासे आणायच्या आधी महिनाभर तरी टँक चालवून, थोडा थोडा अमोनिया घालून बॅक्टेरिया वाढू द्या आणि अमोनिया-नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय एकही मासा आणू नका. लाइट जाणार असेल तर बॅटरीचा एअर पंप ठेवाच, त्या बॅक्टेरियांनाही ऑक्सिजन लागतो.

खाणं साधं ठेवा. बहुतेक म्बुना खडकावरचं शेवाळ खरवडून खातात, आतडं लांबलचक असतं, त्यामुळे स्पिरुलिनाचे (एक प्रकारचं शेवाळ) दाणे द्या आणि मांसाहारी खाणं अगदी कमी, नाहीतर पोट फुगून मासे दगावतात.

एखाद्या मादीने खाणं सोडलं आणि तिचा गळा फुगलेला दिसला तर घाबरू नका, तिच्या तोंडात अंडी आहेत. नराच्या खालच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात, मादी आधी आपली अंडी तोंडात घेते, मग त्या ठिपक्यांना तोंड लावते तेव्हा नराचे शुक्राणू तिच्या तोंडात जातात आणि अंडी तिथेच फळतात. साधारण तीन आठवडे ती पिल्लं तोंडात सांभाळते. मात्र जवळच्या जाती एकत्र ठेवल्या तर त्यांचा संकर सहज होतो, आणि अशी पिल्लं शुद्ध जातीची म्हणून कुणाला देऊ नका, नदी-तलावात तर अजिबातच सोडू नका.