शॉर्टकट सोयीचे करा, पण एकअक्षरी नको

(आमचा ब्लॉक एडिटर वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

मशीनचं लॉजिक पडद्यावरचे ब्लॉक जोडून करायचं म्हटलं तरी दिवसभर माउस फिरवून मनगट भरून येतंच. म्हणून नव्या आवृत्तीत जवळपास प्रत्येक कामाचं कीबोर्डवरचं बटण, म्हणजे शॉर्टकट, तुम्हाला बदलता येतं. सेटिंगमध्ये ‘कीबोर्ड’ उघडा, कामावर डबल क्लिक करा, हवी ती बटणं दाबा, सेव्ह करा. इथपर्यंत कुणालाच अडचण येत नाही. फोन येतात ते पुढे.

“ब्लॉक आपोआप गायब होतात.” फोन बडोद्यातल्या मकरपुऱ्याहून येवो की जवळच्या वाघोडियाहून, तक्रार हीच, आणि कारणही बहुधा एकच. कुणीतरी डिलीटला नुसतं ‘डी’ दिलेलं असतं आणि सिम्युलेशनला (पडद्यावरच्या चाचणीला) नुसतं ‘आर’. एका बोटात काम होतं म्हणून दोन दिवस सगळे खूश. मग ऑपरेटर ब्लॉकला नाव द्यायला बसतो. डबल क्लिक नीट लागत नाही, नावाची चौकट उघडतच नाही, आणि त्याची नजर तर हातातल्या ड्रॉइंगवर. तो इंग्रजीत ‘ड्रायर’ टाइप करतो. पहिल्या ‘डी’लाच ब्लॉक उडतो, त्याच्या वायरी तुटक्या लोंबत राहतात आणि ‘आर’ने सिम्युलेशन सुरू होतं. लगेच लक्षात आलं तर अनडू आहे. पण फाइल सेव्ह करून बंद केली की अनडूची यादी पुसली जाते, आणि मग तो ब्लॉक नव्याने जोडण्यात तुमची अर्धी शिफ्ट जाते.

गुजरातीत किंवा मराठीत नावं टाकणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर ‘सी’च्या जागी ‘म’ येतो. आमचा एडिटर अक्षर पाहत नाही, बटणाची जागा पाहतो. त्यामुळे चौकट न उघडता ‘मोटर’ लिहायला घेतलंत तर पहिल्याच अक्षराला ‘सी’वर ठेवलेलं काम होणार. जागा का पाहतो, असं काहीजण जरा रागानेच विचारतात. अक्षर पाहिलं असतं तर गुजराती चालू असताना कंट्रोल-सीने कॉपीसुद्धा झालं नसतं. बडोद्यात एकाच पीसीवर तीन भाषा चालतात, ते धरूनच आम्ही हे ठरवलंय.

तेव्हा कंट्रोल किंवा कंट्रोल-शिफ्ट जोडूनच बटण द्या. ऑल्ट-शिफ्ट टाळा, कारण तिसरं बटण दाबायच्या आत बोट सुटलं तर विंडोज कीबोर्डची भाषाच बदलून टाकतं. कंट्रोल-ऑल्टसोबत आकडेही नकोत. इंग्रजी (इंडिया) कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-४ दाबलं की रुपयाचं चिन्ह उमटतं. एडिटर ब्राउझरमध्ये चालतो, म्हणून कंट्रोल-डब्ल्यू, कंट्रोल-टी आणि कंट्रोल-एन ही तिन्ही क्रोम स्वतःकडेच ठेवतो. ती आमच्या हातातच येत नाहीत, तर तुम्हाला कुठून देणार? अनडू, कट, कॉपी, पेस्टची झेड-एक्स-सी-व्ही ही ओळ १९८३ च्या अ‍ॅपल लिसापासून चालत आलेली आहे. बदलता येते, पण नवा माणूस कामावर आला की त्याचे हाल होतात.

दोन कामं आम्ही मुद्दाम मोकळी सोडलेली नाहीत. प्रोग्राम मशीनवर चढवायला तीन बटणं एकदम लागतात आणि वर ‘हो’ म्हणावं लागतं. थांबवायचं बटण तर बदलताच येत नाही. “मशीन माझं, बोटं माझी, तुमचं काय जातं?” असं आम्हाला ऐकवलं गेलं आहे. जातं ते रात्रपाळीवाल्याचं. त्याला घाईत बटण सापडलं पाहिजे, मग दिवसपाळीवाल्याने आपल्या आवडीने काही का बदललेलं असेना. आणि कीबोर्डवरचं ‘थांबा’ म्हणजे इमर्जन्सी नव्हे. त्यासाठी मशीनवरचं लाल मशरूम बटण आहे, आणि त्याचं वायरिंग आमच्या एडिटरमधून जात नाही.

वेगच हवा असेल तर एकअक्षरी बटणांपेक्षा चांगला रस्ता आहे. कंट्रोल-स्पेस दाबा, ‘टाइम’ एवढं लिहा आणि एंटर करा, टायमर ब्लॉक कर्सरपाशी हजर. लॅबव्ह्यू या ब्लॉक जोडायच्याच सॉफ्टवेअरवर हात बसलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथल्या क्विक ड्रॉपचं (नाव लिहून ब्लॉक आणायच्या सोयीचं) बटण हेच आहे, म्हणून आम्हीही तेच ठेवलं. नेहमीच्या ब्लॉकला तुमचं टोपणनावही देता येतं. ‘पं’ लिहिलं की तुमच्या सेटिंगसकट पंपाचा ब्लॉक येतो. हे फार थोडे ग्राहक वापरतात, पण जे वापरतात ते एकअक्षरी बटणं मागत नाहीत.

बदललेले शॉर्टकट लॉगिनवर साठतात, पीसीवर नाही. सगळी पाळी एकाच लॉगिनवर काम करत असेल तर एकाने केलेला बदल सगळ्यांच्या माथी बसतो. वेगळी लॉगिन काढायला जादा पैसे लागत नाहीत. एएमसीवाल्या (वार्षिक देखभाल करार केलेल्या) ग्राहकांकडे आमचा माणूस येऊन प्रत्येक पाळीचा शॉर्टकटचा संच लावून देतो आणि कीबोर्डशेजारी चिकटवायचं लॅमिनेट केलेलं कार्डही ठेवून जातो. बाकीच्यांना कार्ड ऑफिसातून नेता येईल.

फोन करण्याआधी ‘कीबोर्ड’मधून ‘संच निर्यात करा’ दाबून ती फाइल आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. ती समोर असली की कारण बहुतेक वेळा फोनवरच सापडतं आणि व्हिजिटचा खर्च वाचतो.