लेगोचे गेम आणि वीस वर्षं चाललेला वाद: मुके बरे की बोलके?

लेगोचा कुठलाही नवीन गेम आला की तो खेळलेली माणसं दोन मिनिटांत जुन्या गेमवर येतात. पूर्वी ती पात्रं नुसती हुं हुं करायची तेच भारी होतं, आता फार बोलतात. कॅमेरा पाठीमागे चिकटवला आणि मजा गेली. गेम सोपा आहे, माणूस मरतच नाही. आणि लगेच पुढच्या वाक्यात, पण पोराबरोबर खेळायला याच्यासारखा दुसरा गेम नाही हां. ही सगळी मतं एकाच माणसाची असू शकतात आणि सगळी खरी असू शकतात, पण ती आली कुठून हे कळायला थोडं मागे जावं लागतं, कारण आज ज्याचं कौतुक होतं आणि ज्याच्या तक्रारी होतात त्यातल्या बऱ्याच गोष्टी २००५ साली एका इंग्लिश स्टुडिओत ठरल्या होत्या.

त्याच्याही आधीचं थोडक्यात सांगतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले किर्क क्रिस्टियनसन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली, ‘छान खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून लेगो हे नाव आलं, आणि आज आपण जो ठोकळा ओळखतो, वर टिकल्या आणि आत नळ्या असलेला, त्याचं पेटंट १९५८ च्या जानेवारीत नोंदवलं गेलं. व्हिडिओ गेममध्ये लेगो आलं नव्वदीत. १९९७ चा ‘लेगो आयलंड’ आठवणारे लोक अजून भेटतात, त्यात पेपर नावाचा पिझ्झा पोचवणारा पोरगा असतो, तुरुंगातल्या ब्रिकस्टरला तो पिझ्झा देतो आणि तो चोर तेवढ्यावर पळून जातो. मग १९९९ चा ‘लेगो रेसर्स’, ज्यात स्वतःची गाडी ठोकळा ठोकळा लावून बनवायची आणि तीच रेसमध्ये पळवायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण ‘लेगोचा गेम आहे आणि काही जोडताच येत नाही’ ही तक्रार पुढे वीस वर्षं ऐकू येणार आहे आणि ती करणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा रेसर्सच असतो.

२००३-०४ ला लेगो कंपनीच बुडायच्या बेतात आली. नको तेवढे धंदे काढून ठेवले होते, तोटा प्रचंड. २००४ मध्ये यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प प्रमुख झाला, घराण्याबाहेरचा पहिला माणूस, आणि त्याने एकेक करून पसारा आवरला, अगदी लेगोलँड पार्कसुद्धा विकली. स्वतः गेम काढायचं कामही याच काळात लेगोने सोडलं. पण त्या विभागातल्या काही लोकांना सोडवेना, त्यांनी जायंट इंटरॅक्टिव्ह अशी वेगळी कंपनी काढली आणि ट्रॅव्हलर्स टेल्स या स्टुडिओला बरोबर घेतलं. इंग्लंडमधल्या चेशरमध्ये नट्सफर्डला असलेला जॉन बर्टनचा हा स्टुडिओ, तोपर्यंत दुसऱ्यांच्या सोनिक, क्रॅश असल्या पात्रांवर गेम बनवून देणारा. लेगोचे स्टार वॉर्स सेट १९९९ पासून दुकानात होतेच. त्यातून २००५ च्या मार्चमध्ये ‘लेगो स्टार वॉर्स’ आला आणि गंमत म्हणजे त्यात ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ या स्टार वॉर्स सिनेमाची गोष्ट होती जी थिएटरात मे महिन्यात लागणार होती. म्हणजे शेवट काय होतो हे काही पोरांनी ठोकळ्यांच्या रूपात आधीच खेळून टाकलं. गेम तुफान चालला, त्याच वर्षी जायंट आणि ट्रॅव्हलर्स टेल्स एक होऊन टीटी गेम्स झाली आणि २००७ मध्ये ती वॉर्नर ब्रदर्सने विकत घेतली.

आता त्या पहिल्या गेममध्ये काय ठरलं ते नीट बघा. एक म्हणजे दुसरा खेळाडू कधीही येऊ शकतो आणि कधीही जाऊ शकतो, कंट्रोलर उचलला, बटण दाबलं की आत, जेवायला बोलावलं की बाहेर, गेम थांबत नाही. दुसरं, मेलं तरी काही बिघडत नाही, पात्राचे तुकडे होऊन विखुरतात, जवळचे थोडे स्टड, म्हणजे गेममधली नाणी, सांडतात आणि माणूस तिथल्या तिथे परत उभा. तिसरं, कोणी बोलत नाही. सगळी गोष्ट हावभावांनी सांगायची. आणि चौथं, लेव्हल एकदा गोष्टीसाठी खेळायची आणि मग फ्री प्लेमध्ये वेगवेगळी पात्रं घेऊन परत यायचं, कारण पहिल्या वेळी जे दार उघडलं नाही ते दुसऱ्याच कोणाच्या तरी शक्तीने उघडतं. हे सगळं एकाच हिशोबाने केलेलं आहे, सोफ्यावर एक सात वर्षांचं पोर आणि एक मोठं माणूस शेजारी बसलंय, दोघांना एकाच वेळी मजा यायला पाहिजे आणि दोघांपैकी कोणालाही रडू येता कामा नये. ‘फारच सोपा आहे’ म्हणणारा माणूस चुकीचं बोलत नाही, पण बहुतेक वेळा तो एकटा खेळत असतो.

मी हे डोळ्यासमोर बघितलंय म्हणून एवढं ठामपणे लिहितोय. २००६ चा ‘लेगो स्टार वॉर्स २’ आम्ही ताईकडे सांगलीला तिच्या पीसीवर खेळायचो, मी आणि भाचा, एकाच कीबोर्डवर दोघांचे हात, माझी कोपरं त्याच्या तोंडात. तो दुसरीत, मराठी शाळेत, इंग्रजी म्हणजे ए बी सी डी आणि रंगांची नावं. सिनेमे त्याने बघितलेले नव्हते. पण डार्थ व्हेडर ल्यूकला मी तुझा बाप म्हणतो तो प्रसंग या गेममध्ये शब्दाशिवाय आहे, व्हेडर चक्क फोटो काढून दाखवतो आणि हातवारे करतो, आणि हे पोर ओरडलं, मामा, हा त्याचा बाबा आहे! जगात कित्येक लोकांना जे कळायला थिएटरात बसून डायलॉग ऐकावा लागला ते त्याला एका मुक्या बाहुल्याकडून कळलं. मुकेपणाबद्दल एवढ्या जिव्हाळ्याने बोलणारे खेळाडू जगभर सापडतात त्याचं कारण मला तरी हेच वाटतं, तो गेम कोणाच्याच भाषेत नव्हता म्हणून सगळ्यांचा होता.

भांडणं मात्र व्हायची, आणि ती स्क्रीनवरून. त्या गेममध्ये दोघांनी एकाच चौकटीत राहायचं, एक पुढे पळाला की दुसरा ओढला जाणार किंवा अडकणार, उडी मारायच्या जागी तर हमखास कोणीतरी खड्ड्यात. मामा थांब ना, मामा थांब ना, हे वाक्य मी त्या सुट्टीत किती वेळा ऐकलं असेल. शिवाय स्टडची मारामारी, चांदीचा दहाचा, सोनेरी शंभरचा, निळा हजाराचा आणि जांभळा दहा हजाराचा, त्यामुळे जांभळा दिसला की नातंबितं बाजूला. ही ओढाताण टीटीला माहीत होती, म्हणून २००९ च्या ‘लेगो इंडियाना जोन्स २’ मध्ये त्यांनी स्क्रीन मधोमध फाटायची सोय केली, दोघं लांब गेले की मध्ये रेघ येते, ती तुम्ही कुठे आहात त्याप्रमाणे तिरपी फिरते, जवळ आले की परत एक चित्र. यावर लोकांची मतं आजही दोन टोकांची आहेत, काहींना वाटतं यासारखी हुशार गोष्ट नाही आणि काहींना ती फिरणारी रेघ बघून गरगरतं.

दुसरा मोठा बदल २०१२ ला. ‘लेगो बॅटमॅन २’ मध्ये पात्रं पहिल्यांदा व्यवस्थित बोलायला लागली. याच गेममध्ये मोकळं फिरता येणारं गॉथम शहरही आलं, त्यामुळे खूश होणारे खूप होते, पण जुने खेळाडू तिथे दोन गटांत फुटले ते फुटलेच. बोलणं आल्यावर ‘लेगो सिटी अंडरकव्हर’सारखा गेम शक्य झाला हेही खरं, २०१३ चा, निन्टेंडोच्या वी यू कन्सोलवरचा, चेस मॅककेन नावाचा पोलीस आणि पूर्णपणे लेगोची स्वतःची गोष्ट, विनोदासाठी आजही लोक त्याचं नाव काढतात. पण त्यात लोडिंगला इतका वेळ जायचा की पोरं उठून पाणी पिऊन यायची, आणि दोघांनी खेळायची सोयच नव्हती, ती २०१७ ला इतर कन्सोलवर परत काढला तेव्हा आली.

जोडण्याचा मुद्दा सुद्धा इथेच घेऊ. टीटीच्या गेममध्ये ठोकळ्यांचा ढीग उड्या मारत असतो, बटण दाबून धरलं की आपोआप पूल नाहीतर गाडी तयार होते, तुम्ही ठरवत काही नाही. मग २००९ मध्ये माइनक्राफ्ट आला आणि स्वीडनमधल्या एका माणसाने सुरू केलेल्या त्या गेमने ठोकळे जोडायची भूक किती मोठी आहे ते दाखवून दिलं. लेगोने प्रयत्न केला नाही असं नाही, ‘लेगो युनिव्हर्स’ हा ऑनलाइन गेम २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आणला होता, पुरेसे पैसे भरणारे लोक मिळाले नाहीत आणि २०१२ च्या जानेवारीत तो बंद झाला. त्यानंतर ‘लेगो वर्ल्ड्स’ २०१५ ला अर्धवट आणि २०१७ ला पूर्ण आला, तोवर माइनक्राफ्ट पोरांच्या घरात केव्हाच मुक्कामाला आलेला. ज्यांना खरंच एकेक तुकडा हाताने लावायचाय त्यांना मी २०२२ चा ‘लेगो ब्रिकटेल्स’ सांगतो, छोटा आहे, पूल पडला तर तुमच्याच चुकीने पडतो. आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये फोर्टनाइट या ऑनलाइन गेममध्येच लेगोचा फुकट गेम आला, त्याच्या आदल्या वर्षी लेगोची मालकी असलेल्या किर्कबीने फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्समध्ये एक अब्ज डॉलर गुंतवले होते.

पैशाची चिडचिड पण जुनीच आहे. २०१५ च्या ‘लेगो डायमेन्शन्स’ला खरे बाहुले विकत घेऊन एका पाटावर ठेवावे लागायचे, ते ठेवले की पात्र गेममध्ये येणार, पोरांना जादू वाटायची आणि आईबापांना बिल दिसायचं. दोन वर्षांत बंद. २०२३ चा ‘लेगो टूके ड्राइव्ह’ तर पूर्ण किमतीला विकत घ्यायचा आणि वर आत परत खऱ्या पैशाने ब्रिकबक्स हे गेममधलं चलन विकत घ्यायचं दुकान, त्यावर लोक भडकले आणि बरोबरच भडकले, लहान पोरांच्या गेममध्ये असली दुकानं नकोतच.

हे सगळं घेऊन २०२२ च्या ५ एप्रिलला टीटीचा ‘लेगो स्टार वॉर्स: द स्कायवॉकर सागा’ आला. २०१९ ला जाहीर झालेला, २०२० ला यायचा होता, पुढे ढकलत ढकलत दोन वर्षं गेली, आणि येण्याच्या तीन महिने आधी टीटीमध्ये माणसांना किती जास्तीचे तास राबवलं जात होतं त्याच्या बातम्याही आल्या. नऊच्या नऊ सिनेमे, तीनशेच्या वर पात्रं, कॅमेरा खांद्यामागे, मारामारीला कॉम्बो. पहिल्या दोन आठवड्यांत बत्तीस लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या. आणि मतं? तीच, पण अधिक जोरात. ग्रह फिरायला सुंदर आहेत हे सगळे मान्य करतात. पण एका सिनेमाला पाचच लेव्हल, त्यातल्या काही सुरू होतात तोवर संपतात, आणि शोधायला हजाराहून जास्त कायबर ब्रिक पसरून ठेवलेत त्यामुळे काहींना तो खजिना वाटतो आणि काहींना पोतं भरायची हमाली. मला विचाराल तर मोजकी पात्रं आणि भरलेल्या लेव्हल जास्त बऱ्या. दूर राहणाऱ्या भावंडांना ऑनलाइन बरोबर खेळायची सोय गेममध्ये दिलीच नाही, हे तर मला अजून पटत नाही.

हा गेम मी मुलीबरोबर खेळलो. ती पण सातचीच, आणि प्रत्येक प्रसंगाला माझा दंड ओढायची, बाबा काय म्हणाला तो, बाबा सांग ना. अर्धा वेळ मी दुभाषी. मग गेमच्या एक्स्ट्राज यादीत बघत असताना मंबल मोड सापडला, म्हणजे टीटीला पण जुन्या लोकांची आठवण होती, तो चालू केला की सगळे परत पूर्वीसारखे हुं हुं करायला लागतात. प्रसंग बोलण्यासाठीच लिहिलेले आहेत त्यामुळे सगळे काही हावभावावर उभे राहत नाहीत, पण तिचं विचारणं निम्म्यावर आलं आणि सी-थ्रीपीओ हा रोबो घाबरून नुसता हुंकारतो त्याला ती पोट धरून हसली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये टीटीने पुढचा गेम जाहीर केला, ‘लेगो बॅटमॅन: लेगसी ऑफ द डार्क नाइट’, २०२६ साठी, आणि यावेळी खेळायची पात्रं फक्त सात. तीनशेवरून सात. त्यावरून पण वाद सुरू झालेच, पात्रं गोळा करणं हाच अर्धा खेळ आहे म्हणणारे एकीकडे, आणि सातच असतील तर प्रत्येकाला नीट शक्ती आणि नीट चाल मिळेल म्हणणारे दुसरीकडे, मी अर्थात दुसऱ्यात. दोघांनी खेळायचं ते मात्र अजूनही एकाच खोलीत, एकाच टीव्हीसमोर. भाचा आता नोकरीला आहे, त्याने ट्रेलर पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं होतं, मामा, यावेळी कीबोर्ड नको, कंट्रोलर घेऊन येतो.