बाबाच्या बुटांचं माप

जपानच्या निइगाता प्रांतातल्या सान्जो गावात एका भाजीवाल्याच्या घरी २३ जानेवारी १९३८ रोजी पुढे कुस्तीत नाव काढणारा शोहेई बाबा जन्मला. बाबा हे त्याचं आडनाव, आपल्या ‘बाबा’शी त्याचा संबंध नाही. पोराला बेसबॉलचं वेड होतं, पण शाळेच्या संघात खेळायचं तर खिळ्यांचे बूट लागतात आणि त्याच्या पायात मावेल असा जोड कुठे मिळेना. मग तो चित्रकलेच्या मंडळात जाऊन बसला. पुढे त्याच्या मापाचे बूट मुद्दाम बनवून घेतले, तेव्हा कुठे तो मैदानात उतरला. १९५५ मध्ये शाळा अर्धवट सोडून तो योमिउरी जायंट्स या नामांकित संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून दाखल झाला. उंची वाढत वाढत २०९ सेंटिमीटरपर्यंत गेली, म्हणजे जवळपास सहा फूट दहा इंच.

लोक त्याला निसर्गाचा चमत्कार म्हणत. खरं तर तो आजार होता. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या छोट्याशा खोबणीत वाटाण्याएवढी पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी असते. तिच्यातून वाढीचं संप्रेरक (हार्मोन) रक्तात उतरतं, त्याच्या सांगण्यावरून यकृत ‘आयजीएफ-१’ नावाचं दुसरं संप्रेरक तयार करतं, आणि लांब हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा, म्हणजे हाडाचा मऊ, लवचिक भाग, वाढू लागते. वयात आल्यावर ही कूर्चा हाड बनून मिटते आणि उंची थांबते. मिटण्याआधीच ग्रंथीत गाठ झाली, तर संप्रेरकाचा नळ उघडाच राहतो.

या ग्रंथीच्या अगदी वरच दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदून जातात. गाठ वर सरकली की त्या दबतात. बहुधा आधी दोन्ही कडांचं दिसेनासं होतं. बाबाची नजर अशीच अधू होऊ लागली. १९५७ च्या अखेरीस, अजून विशीही न गाठलेल्या या मुलाची कवटी उघडून गाठ काढली. त्या काळात हे किती जोखमीचं होतं, याचा विचार केला तरी छाती दडपते. आज हीच शस्त्रक्रिया बहुतेक वेळा नाकावाटे होते.

नजर वाचली, पण बेसबॉल टिकला नाही. १९६० मध्ये स्नानगृहात घसरून कोपर जायबंदी झालं. त्याच वर्षी तो जपानचा नामवंत मल्ल रिकिदोझान याच्याकडे व्यावसायिक कुस्ती शिकायला गेला. ३० सप्टेंबरला पहिली लढत झाली. पुढे गाजलेला मल्ल अँतोनियो इनोकी याचं पदार्पणही त्याच दिवशी झालं. १९७२ मध्ये त्याने ‘ऑल जपान प्रो रेसलिंग’ ही स्वतःची संस्था काढली, आणि १९७४ मध्ये अमेरिकन मल्ल जॅक ब्रिस्कोला हरवून एनडब्ल्यूए या अमेरिकी कुस्ती संघटनेचं जागतिक विजेतेपद मिळवणारा तो पहिला जपानी ठरला. त्याचं हत्यार कोणतं? तेच पाऊल, ज्याला शाळेत बूट मिळत नव्हता. प्रतिस्पर्धी धावत आला की बाबा नुसता पाय उचलून धरायचा.

कूर्चा मिटल्यानंतरही संप्रेरक जास्तच राहिलं, तर हाडं लांब होत नाहीत, रुंद होतात. जबडा पुढे येतो, पंजे पसरतात. याला अ‍ॅक्रोमेगली म्हणतात. बदल इतका सावकाश होतो, की घरच्यांच्याही लक्षात येत नाही. म्हणून डॉक्टर जुने फोटो मागतात आणि विचारतात: अंगठी घट्ट होतेय का? बुटाचा नंबर वाढला का? या आजारात स्नायू भरदार दिसले तरी अशक्त असू शकतात, सांधे झिजतात, हृदय जाड होतं. एवढा धोका असलेल्या देहाने बाबा पाच हजारांहून अधिक लढती लढला. मला त्याच्या विजेतेपदाच्या पट्ट्यांपेक्षा हे मोठं वाटतं.

५ डिसेंबर १९९८ रोजी तोक्योच्या निप्पॉन बुदोकानमध्ये तो शेवटचा लढला. आठ आठवड्यांनी, ३१ जानेवारी १९९९ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी तो गेला. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला होता. एका माणसाच्या बाबतीत अमुकामुळेच तमुक झालं, असं ठामपणे म्हणता येत नाही. पण अ‍ॅक्रोमेगलीच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्यात गाठी जास्त आढळतात, आणि त्यांतल्या काही पुढे कर्करोगाकडे वळतात. म्हणून आता निदान झालं की दुर्बीण घालून आतडं तपासायला सांगतात. गाठ दिसली, तर ती बहुतेकदा त्याच बैठकीत काढून टाकतात.