तान्हेपणीचा ताण मेंदूत कसा उतरतो : एक पार्श्वभूमी

नाशिकमध्ये लहान मुलांच्या तब्येतीचा विषय निघाला की तो वजन, उंची आणि दंडाच्या घेरापाशी येऊन थांबतो. त्या वयातला ताण मेंदूचं रसायन बदलतो, याकडे कुणी फारसं वळत नाही.

ताणाचा शरीरावरचा ठरावीक परिणाम हान्स सेल्ये या संशोधकाने 1936 मध्ये उंदरांवरून मांडला. धोका दिसला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं सोडतात. धोका टळला की मेंदू त्यांना आवर घालतो. हा आवर घालण्याची ताकद आयुष्याच्या सुरुवातीलाच घडते, हे समजायला मात्र बरीच वर्षं जावी लागली.

कॅनडात मॉन्ट्रियलला मायकेल मीनी या संशोधकाच्या प्रयोगशाळेत ते उलगडलं. काही उंदरिणी पिलांना सतत चाटतात, काही कमी. जास्त चाटलेली पिलं मोठेपणी सहज बिथरत नाहीत. कमी चाटणारीची पिलं जास्त चाटणारीच्या कुशीत दिली, तर तीही शांत निघाली. म्हणजे हा स्वभाव निव्वळ रक्तातून आलेला नव्हता. 2004 मध्ये कारण सापडलं. कमी चाटलेल्या पिलांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या, ताणाला आवर घालणाऱ्या भागात, ताणाचं संप्रेरक ओळखणाऱ्या ग्राहींच्या जनुकावर मिथाइल गट, म्हणजे जनुकाचं काम दाबणारे छोटे रासायनिक तुकडे, जास्त चिकटलेले होते. त्यामुळे ग्राही कमी, आणि आवर घालणंही अपुरं. आईच्या स्पर्शाची नोंद जनुकावर राहते, हे आजही वाचताना मला हलवून जातं.

माणसांतही माग लागला. बालपणी मारहाण, दुर्लक्ष, घरातली दारू जितकी जास्त, तितकं मोठेपणी व्यसन आणि नैराश्य जास्त, असं अमेरिकेतल्या 1998 च्या अभ्यासात दिसलं. रोमानियात 2000 पासून अनाथालयांतल्या 136 मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पालक-कुटुंबांत ठेवलं गेलं. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा ताणाला मिळणारा प्रतिसाद बराचसा घरी वाढलेल्या मुलांसारखा झाला.

दोन वर्षांच्या आत! इथे पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला उतरतात, तेव्हा त्या वयाचं मूल मांडवाला बांधलेल्या झोळीत असतं आणि झोका द्यायला थोरली बहीण. आई नजरेच्या टप्प्यात असली तरी हात कात्रीत गुंतलेले. दोष तिचा मुळीच नाही. 1975 मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडीतही रोजची बैठक तीन वर्षांपुढच्यांची. त्याखालच्यांसाठी घरी न्यायचा पोषण आहार. छाटणीच्या हंगामापुरतं तरी बागांजवळ पाळणाघर आणि तिथे रोज तीच एक मावशी, एवढं जिल्ह्याने आधी करायला हवं.