प्रथम वर्ष जीवशास्त्र संकल्पना चाचणी : संच घेण्याआधी वाचायचे माहितीपत्रक

बारावीला जीवशास्त्रात उत्तम मार्क पडलेला विद्यार्थी एफ.वाय.बी.एस्सी.च्या पहिल्या सत्रात अडखळतो, तेव्हा घरचे म्हणतात अभ्यास कमी पडला आणि कॉलेजातले सर-मॅडम म्हणतात पाया कच्चा आहे. हा पाया नेमका कुठे कच्चा आहे ते शोधणारा चाचणी संच आम्ही जळगावात तयार करतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली महाविद्यालये, खाजगी क्लास आणि कधी स्वतः विद्यार्थी तो घेतात. हे पत्रक या तिघांसाठी आहे.

हा संच विद्यापीठाच्या पेपरचा सराव करून घेत नाही. ‘महत्त्वाचे प्रश्न’ किंवा अपेक्षित प्रश्न यात मिळणार नाहीत. आम्ही विचारतो ते एवढेच, की शिकलेली गोष्ट विद्यार्थ्याला खरोखर कळली आहे का. तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाघर हे वाक्य प्रत्येकाला पाठ असते. पण केळीच्या पानातल्या पेशीत तंतुकणिका असतात का, असे विचारले की बरीच मुले थबकतात. झाडाकडे हरितलवके आहेत, मग तंतुकणिकांचे काय काम, असे त्यांना वाटते. वास्तविक झाडाची जिवंत पेशी रात्रंदिवस श्वसन करते. पानाने दिवसा बनवलेल्या शर्करेतून ऊर्जा काढायची तर तिला तंतुकणिका लागतातच. पाठ केलेले वाक्य आणि समजलेली गोष्ट यांतले हे अंतर नेहमीच्या पेपरात दिसत नाही, कारण तिथे वाक्य लिहिले की मार्क मिळतो.

प्रश्नांची रचना दुपदरी आहे. आधी उत्तर निवडायचे, मग त्याचे कारण निवडायचे. ही पद्धत आमची नव्हे. ऑस्ट्रेलियातील विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८८ मध्ये ती व्यवस्थित मांडली आणि १९९५ मध्ये ओडम आणि बॅरो या अमेरिकन अभ्यासकांनी विसरण आणि परासरण या घटकांसाठी अशीच चाचणी तयार केली. तिचा एक फायदा साध्या गणिताने कळतो. ४० प्रश्नांच्या पेपरात प्रत्येकाला चार पर्याय असतील, तर काहीही न वाचता खुणा करणाऱ्याचेही सरासरी १० प्रश्न बरोबर येतात. उत्तराला चार आणि कारणाला चार पर्याय ठेवले, तर दोन्ही नशिबाने जुळण्याची शक्यता सोळात एक उरते, म्हणजे ४० पैकी दोन-तीन प्रश्न. पण आमच्या दृष्टीने याहून मोठा फायदा असा, की चुकीचा पर्यायसुद्धा बोलका होतो. आमच्या संचातला एकही चुकीचा पर्याय जागा भरण्यासाठी टाकलेला नाही. मुले जे खरोखर मानतात तेच तिथे लिहिलेले असते.

नमुन्यादाखल आपल्याच शेतातल्या एका प्रश्नाचा कारणाचा भाग पाहा.

बीटी कपाशी अनेक वर्षे लावल्यावर गुलाबी बोंडअळी तिच्यावर मरेनाशी झाली. याचे कारण काय?
(अ) बीटीचे विष खाऊन खाऊन अळीला त्याची सवय झाली.
(आ) विषामुळे प्रत्येक अळीच्या जनुकात तिला वाचवणारा बदल घडला.
(इ) थोड्याच अळ्यांमध्ये प्रतिकार करणारी जनुके होती. त्या जगल्या आणि पुढची प्रजा त्यांचीच वाढत गेली.
(ई) जगायचे असल्याने अळीने हळूहळू प्रतिकारशक्ती मिळवली.

बरोबर उत्तर (इ). पण खानदेशात कपाशीच्या बांधावर वाढलेला मुलगाही अनेकदा (अ) किंवा (ई) वर खूण करतो, कारण गावात बोलणे तसेच चालते : ‘अळी औषधाला पटाईत झाली.’ बोलण्यापुरते ते ठीक आहे. विज्ञानाच्या पेपरात मात्र हा फरक मोठा आहे. (अ) निवडणाऱ्याच्या मनात एकच अळी तिच्या आयुष्यात बदलते. (आ) निवडणाऱ्याला उत्परिवर्तन माहीत आहे, पण ते गरजेप्रमाणे आणि सगळ्यांत एकदम घडते असे तो समजतो. (ई) निवडणारा अळीला हेतू चिकटवतो. तिघांनाही ‘नैसर्गिक निवड’ची व्याख्या तोंडपाठ असू शकते. म्हणून तिघांना तोच धडा पुन्हा वाचायला सांगून उपयोग नाही. पहिल्याला समष्टी आणि एकटा जीव यांतला फरक दाखवावा लागतो, दुसऱ्याला उत्परिवर्तनातली यदृच्छा, तिसऱ्याला हे की निवड होते तेव्हा कुणी निवडणारा नसतो.

या प्रश्नावर वर्गात एक अख्खी तासिका घालवावी, असा आमचा आग्रह आहे, कारण त्याचे धागे पार जनुकशास्त्रापर्यंत जातात. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचे, अळीला मारणारे विष बनवणारे एक जनुक त्या वाणांत होते. २००६ पासून दोन जनुके असलेले वाण आले. सुरुवातीला ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची. ती शेताच्या कडेने लावायची होती, पण बऱ्याच ठिकाणी ती लावलीच गेली नाही. ती कशासाठी होती? बिगर-बीटी झाडांवर साधे, प्रतिकार नसलेले पतंग वाढावेत आणि बीटीवर वाचलेल्या एखाद-दुसऱ्या प्रतिकारक पतंगाचा संकर त्यांच्याशी व्हावा, यासाठी. अळीतला प्रतिकार बहुतांशी अप्रभावी जनुकाने येत असल्याने अशा संकराची विषमयुग्मजी, म्हणजे एक प्रतिकारक आणि एक साधे जनुक मिळालेली, पिल्ले बीटी खाऊन मरतात. पुडी बांधावर पडून राहिली की प्रतिकारक पतंगाला जोडीदारही प्रतिकारकच मिळू लागतो. फरदड ठेवल्याने, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी शेतात उभी ठेवल्याने, अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळत राहते, तेही यात भर घालते. मेंडेलचा वाटाणा पाठ करून कंटाळलेली मुले इथे कागद-पेन घेऊन स्वतः चौकट मांडू लागतात.

दुसरा नमुना केळीचा. टिश्यू कल्चरचे वीतभर रोप लावले, वर्षभरात त्याला घड आला. ते अख्खे झाड वाळवून वजन केले, तर त्या वाळलेल्या वजनाचा सर्वांत मोठा हिस्सा मुळात कुठून आला? माती, ठिबकमधून दिलेले खत, पाणी की हवा? ज्याच्या घरी ठिबकच्या व्हेंचुरीतून (पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून) युरिया आणि पोटॅश सोडले जाते तो पटकन खत म्हणतो, आणि यात त्याला हिणवण्यासारखे काही नाही, कारण खत थांबले की पीक बसते हे त्याने पाहिलेले असते. पण वनस्पतीच्या वाळलेल्या वजनात कार्बनच साधारण ४० ते ४५ टक्के असतो आणि तो येतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून. नत्र आणि पालाश थोडे लागते, पण त्याशिवाय प्रथिने बनत नाहीत आणि विकरे चालत नाहीत. ‘थोडे लागते’ आणि ‘महत्त्वाचे नाही’ या दोन गोष्टी एक नाहीत, हेही मुलांना सांगावे लागते.

या प्रश्नात ज्यांचे उत्तर ‘पाणी’ येते त्यांना सतराव्या शतकातल्या व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाची गोष्ट जरूर सांगा. त्याने कुंडीत विलोचे रोप लावून पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड सुमारे ७४ किलोने वाढले आणि मातीचे वजन दोन औंसांनी, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅमने घटले. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हा प्रयोग छापला गेला. झाड मातीने बनत नाही हा त्याचा निष्कर्ष बरोबर होता. ते सगळे पाण्यापासून बनते हा चूक होता, कारण हवेचा हिशेब त्याने धरलाच नव्हता. आपल्या वर्गातला मुलगा जिथे चुकतो तिथे एवढा मोठा माणूस चुकला होता, हे कळले की मुले मोकळेपणाने बोलू लागतात.

केळीवरच आणखी एक छोटा प्रश्न आहे : जी-नाईनच्या फळात बी का नसते? या वाणाच्या पेशीत ११ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. अर्धसूत्री विभाजनात तिघांच्या नीट जोड्या लागत नाहीत, त्यामुळे काम देणारी युग्मके बनत नाहीत. फळ फलनाशिवायच धरते. अर्धसूत्री विभाजनाच्या पायऱ्या क्रमाने लिहिणाऱ्याला हे सांगता आले, तर त्याला तो धडा कळला असे आम्ही मानतो.

कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी का सुटते, यावर परासरणाचे प्रश्न आहेत. समतोल आल्यावर रेणूंची ये-जा थांबते, असे मानणारे इथे सापडतात. ती थांबत नाही, दोन्ही बाजूंनी सारखी होते. पेशीचक्र आणि विकरे या घटकांना मात्र आम्ही ओढूनताणून शेतातली उदाहरणे जोडलेली नाहीत. तिथे साधे, सरळ प्रश्न आहेत.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या प्रश्नांबद्दल प्राध्यापकांना एक विनंती. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार अनेक कुटुंबांत आहे आणि तुमच्या वर्गात वाहक किंवा रुग्ण विद्यार्थी बसलेला असू शकतो. म्हणून आमच्या प्रश्नांत कुठल्याही समाजाचा उल्लेख नाही, आणि वर्गात कुणाच्या घरी आहे असे विचारू नये. प्रश्न शास्त्रापुरता आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने तांबड्या रक्तपेशीचा आकार का बिघडतो, आणि आई-वडील दोघे वाहक असतील तर काय होते. इथली नेहमीची चूक अशी, की ‘चारांत एक’ ऐकून मुले समजतात, पहिल्या मुलाला आजार झाला म्हणजे पुढची तीन सुटली. प्रत्येक गरोदरपणात शक्यता पुन्हा २५ टक्केच असते. ही चूक पेपरात राहिली तर एक मार्क जातो, घरात राहिली तर फार महाग पडते. आमची चाचणी कुणाचे निदान करत नाही. त्यासाठी सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी करून घ्यावी. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ पासून सुरू आहे.

आता निकालपत्रकाविषयी. त्यावर क्रमांक नसतो, वर्गातला पहिला-दुसरा आम्ही काढत नाही, आणि काढून द्या म्हटले तरी देत नाही. प्रत्येक घटकासमोर चार रकाने असतात : उत्तर आणि कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण चूक, उत्तर चूक पण कारण बरोबर, आणि दोन्ही चूक. शिवाय प्रत्येक प्रश्नापुढे विद्यार्थ्याने ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ यावर खूण करायची असते. पालक आधी शेवटचा रकाना पाहतात. आम्ही सांगू, दुसरा रकाना आधी पाहा, त्यातही ‘खात्री’ची खूण असलेले प्रश्न. इथे विद्यार्थ्याला चुकीची गोष्ट पक्की वाटते आहे आणि उत्तर बरोबर आल्यामुळे आजवर कुणी त्याला अडवलेले नाही. दोन्ही चूक आणि ‘अंदाज’ असेल तर काळजी कमी, तो घटक शिकवला की येतो. तिसऱ्या रकान्यातले बहुतेक प्रश्न घाईने वाचल्यामुळे चुकलेले असतात.

चाचणीला उणे मार्क नाहीत. नीटमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला उणे १ असल्याने मुलांना कोरे सोडायची सवय लागलेली असते. इथे कोरा प्रश्न आम्हाला काहीच सांगत नाही, त्यामुळे सगळे सोडवायला सांगा. अभ्यास करून येऊ नये. घटक शिकवण्याआधी एकदा आणि शिकवून महिनाभराने पुन्हा, अशी दोनदा घेतली तर शिकवण्याने काय बदलले ते कळते. त्यामुळे मधल्या काळात प्रश्नपत्रिका मुलांच्या हाती राहू देऊ नका आणि तिचे फोटो ग्रुपवर जाऊ देऊ नका. एकदा उत्तरे फिरली की तो संच त्या कॉलेजपुरता संपला. हे मार्क अंतर्गत मूल्यमापनात धरू नयेत, अशीही विनंती आहे. मार्क धरले की मुले शेजाऱ्याला विचारतात आणि आपल्याला त्यांचे खरे मत कळत नाही.

प्रॅक्टिकलची जागा हा संच घेत नाही. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड करणे, सूक्ष्मदर्शकात भिंग जुळवणे, जर्नलमध्ये दिसले तेच काढणे, हे कागदावर तपासता येत नाही.

प्रत्येक प्रश्न समोरासमोरच्या पानांवर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापलेला आहे. संचात घेण्याआधी तो काही विद्यार्थ्यांना सोडवायला देऊन, तसे उत्तर का दिले हे त्यांच्याच तोंडून ऐकलेले असते. तरीही एखाद्या प्रश्नाला दोन उत्तरे बरोबर ठरतात असे तुम्हाला वाटले, तर प्रश्न क्रमांक आणि आपले म्हणणे निकालपत्रकाच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहून पाठवा. म्हणणे पटले तर तो प्रश्न धरून दिलेला निकाल आम्ही बदलून, पैसे न घेता पुन्हा पाठवतो.

संच मागवताना विद्यार्थीसंख्या, वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी कोणता विषयगट आहे, आणि आतापर्यंत कोणते घटक शिकवून झाले, एवढे कळवा. न शिकवलेल्या घटकांची पाने आम्ही वेगळ्या पाकिटात ठेवून देतो.